एकमताचा निकाल आणि अलिखित भिन्नमत : ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालपत्राची चिकित्सा

१

न्यायालयाच्या निकालपत्रात दोन अंगे एकत्र नांदत असतात : एक आज्ञेचे आणि दुसरे मीमांसेचे. आरोपी सुटला की त्याला शिक्षा झाली, हे आज्ञेने ठरते. ते कोणत्या कारणांनी, हे मीमांसेने कळते. एकाच न्यायाधीशापुढे चाललेल्या खटल्यात हा भेद फारसा जाणवत नाही. परंतु न्यायपीठावर तीन, पाच किंवा त्याहून अधिक न्यायाधीश बसले म्हणजे तो उघड होतो. आज्ञा एकच असावी लागते, म्हणून ती बहुमताने ठरते. मीमांसेवर मात्र बहुमताचे बंधन नाही. भारतीय संविधानाच्या १४५ व्या अनुच्छेदाच्या पाचव्या खंडाने ही व्यवस्था स्पष्ट शब्दांत केली आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सुनावणीस उपस्थित असलेल्या न्यायाधीशांच्या बहुमताने द्यावयाचा. परंतु ज्याला तो मान्य नाही, अशा न्यायाधीशाला आपले भिन्नमत देण्यास प्रतिबंध नाही. उच्च न्यायालयात फौजदारी अपिलावर दोन न्यायाधीशांचे मत समसमान विभागले गेले, तर प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशाकडे जाते. सत्र न्यायालयात एकच न्यायाधीश असल्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.

भिन्नमताचे प्रयोजन काय, याचे प्रचलित उत्तर असे की, ते भावी काळासाठी लिहिलेले असते. आज अल्पमतात असलेला विचार उद्या बहुमताचा होईल, ही त्यामागील आशा होय. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. भिन्नमताचे पहिले कार्य वर्तमानकाळातच घडते. सहकारी न्यायाधीश हरकत लिहून काढणार आहे, हे ठाऊक असले म्हणजे बहुमताच्या लेखकाला आपली गृहीतके उघड करावी लागतात आणि प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याला उत्तर द्यावे लागते. जेथे अशी हरकत नसते, तेथे एखादे गृहीतक सिद्धान्ताच्या वेषात निकालपत्रात शिरले, तरी त्याला अडविणारा कोणी उरत नाही. प्रस्तुत लेखात या विधानाची परीक्षा एका एकमताच्या निकालाच्या आधारे करावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दिलेला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल होय.

२

घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची आहे. स्थळ वैनगंगेच्या काठचे देसाईगंज, म्हणजेच वडसा. हा भाग त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात मोडतो. मातापित्यांच्या पश्चात भावाच्या आश्रयाने राहणारी आणि मजुरीवर पोट भरणारी एक आदिवासी मुलगी. जेथे ती कामास जाई त्या घरातील एका नातलगाशी जुळलेले तिचे प्रेम. आणि तिला फूस लावून नेल्याची भावाने पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार, अशी ही पार्श्वभूमी. तक्रारीच्या चौकशीसाठी सर्वांना ठाण्यात बोलावण्यात आले. जबाब झाल्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळी बाहेर पडू लागली, तेव्हा मुलीला मागे ठेवून घेण्यात आले. ठाण्याच्या आवारातच एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि त्यानंतर एका हवालदाराने, जो नशेत होता, अंगचटीला येऊन विनयभंग केला, असे तिने सांगितले. बाहेर थांबलेल्या नातलगांना संशय आला, लोक जमले आणि फिर्याद नोंदविली गेली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या वैद्यकीय तपासणीत अंगावर जखमा आढळल्या नाहीत. वयाचा अंदाज चौदा ते सोळा वर्षे असा देण्यात आला. हा खटला पुढे देशभर तिच्या नावाने ओळखला गेला. येथे तो त्याच्या अधिकृत शीर्षकानेच उल्लेखिला आहे.

तीन न्यायालयांनी या एकाच पुराव्यावर विचार केला. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपींना निर्दोष ठरविले. ठाण्यात संभोग घडला, हे त्यांनी नाकारले नाही. परंतु संभोग आणि बलात्कार यांत फार अंतर आहे, मुलगी खोटे बोलणारी आहे आणि जमलेल्या लोकांपुढे स्वतःचे शील सावरण्यासाठी तिने बलात्काराची कथा रचली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निर्णय फिरविला आणि शिपायाला बलात्काराबद्दल पाच वर्षांची, तर हवालदाराला विनयभंगाबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. जसवंत सिंग, न्या. पी. एस. कैलासम् आणि न्या. ए. डी. कोशल यांच्या न्यायपीठाने नागपूरचा निर्णय रद्द करून दोघांनाही सोडून दिले. निकालपत्र न्या. कोशल यांनी लिहिले, भिन्नमत नव्हते.

३

नागपूर खंडपीठाच्या मीमांसेचा गाभा एका भेदात आहे. संमती देणे आणि शरण जाणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. भीतीने किंवा धमकीने हतबल झालेल्या व्यक्तीने आपला देह दुसऱ्याच्या वासनेच्या स्वाधीन केला, तर त्याला इच्छा म्हणता येत नाही, असे त्या न्यायालयाने मानले. या भेदाला त्याने परिस्थितीचा आधार दिला. दोन्ही पोलीस मुलीला सर्वस्वी अपरिचित होते. तेव्हा पुढाकार तिच्याकडून आला असण्याचा संभव नाही. तिच्या भावानेच फिर्याद दिलेली होती आणि ती अधिकाऱ्यांच्या ताब्यात होती. तेव्हा प्रतिकार करण्याची तिची शक्ती नव्हती. बाहेर येताच तिने आपल्या माणसांना घडलेला प्रकार सांगितला. यावरून तो तिच्या इच्छेविरुद्ध होता, हे दिसते.

सर्वोच्च न्यायालयाने या मीमांसेचा प्रतिवाद दोन टप्प्यांत केला. पहिला टप्पा वस्तुस्थितीचा होता. अंगावर जखमा नाहीत, यावरून तीव्र प्रतिकार केल्याची हकीकत खोटी ठरते आणि घडलेला प्रकार शांततेने घडला असे दिसते. भाऊ आणि नातलग जवळ असताना तिने आरडाओरडा करून त्यांची मदत मागितली नाही, हेही त्याचेच निदर्शक होय, असे न्यायालयाने म्हटले. दुसरा टप्पा कायद्याचा होता. भारतीय दंडसंहितेच्या ३७५ व्या कलमातील ‘दुसरे’ हे पोटकलम संमतीवाचून केलेल्या संभोगाविषयी होते. ‘तिसरे’ हे पोटकलम मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भीतीने मिळविलेल्या संमतीविषयी होते. संमतीचा अभाव दाखविण्यासाठी सरकारपक्षाला केवळ तिसऱ्या पोटकलमाचाच आधार घेता येईल, आणि तशी भीती येथे सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने ठरविले.

या दोन टप्प्यांच्या सांध्यावरच निकालाची तर्कदृष्ट्या दुर्बल जागा आहे. संमती दोषयुक्त होती की नाही, हा प्रश्न संमती मुळात होती, हे ठरल्यानंतरच उपस्थित होऊ शकतो. निकालपत्रात मात्र तिसऱ्या पोटकलमाचा विचार सुरू होतो तेव्हा संमतीचे अस्तित्व आधीच गृहीत धरले गेलेले असते. ते कशावरून? जखमांच्या अभावावरून. म्हणजे प्रतिकार नाही, म्हणून संमती आहे. संमती आहे, म्हणून तिसरे पोटकलम लागू. त्या पोटकलमातील भीती सिद्ध नाही, म्हणून गुन्हा नाही. या साखळीतील पहिली कडी विधिशास्त्राची नाही. स्त्रीने कसे वागावयास हवे होते, याविषयीच्या एका समजुतीची ती कडी आहे. नागपूर खंडपीठाने नेमक्या याच कडीवर बोट ठेवले होते. तिचे उत्तर न देता सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच एक पायरी पुढे ढकलला.

न्यायपीठाच्या बाजूने जे म्हणता येईल, तेही नोंदविणे आवश्यक आहे. गुन्ह्याचा प्रत्येक घटक सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावर असतो. सत्र न्यायालयाने निर्दोष ठरविलेल्या आरोपीच्या बाबतीत निर्दोषत्वाचे गृहीतक अधिकच बळकट होते, आणि पुराव्यावरून दोन मते संभवत असतील तर आरोपीला अनुकूल असलेले मत स्वीकारावे, हा नियम सर्वमान्य आहे. हवालदाराच्या बाबतीत न्यायालयाने याच मार्गाने विचार केला. पहिल्या फिर्यादीत मुलीने त्याच्याकडे लावलेली कृत्ये पुढे साक्षीत तिने शिपायाकडे लावली होती. त्या विसंगतीचा फायदा हवालदाराला मिळाला. हा भाग वादग्रस्त असला तरी त्याची पद्धत ओळखीची आहे. शिपायाच्या बाबतीत मात्र न्यायालय संशयापाशी थांबले नाही. त्याने प्रतिकाराची हकीकत असत्य ठरविली आणि प्रकार शांततेचा होता, असा भावात्मक निष्कर्ष काढला. संशयाचा फायदा देण्याचा सौम्य मार्ग उपलब्ध असताना हा दुसरा मार्ग का पत्करला, याचे स्पष्टीकरण निकालपत्रात आढळत नाही. न्यायपीठावर एक विरोधी लेखणी असती, तर ते स्पष्टीकरण द्यावे लागले असते.

४

त्या अलिखित भिन्नमतात काय असू शकले असते, याची कल्पना करण्यासाठी न्यायालयाच्या कक्षेबाहेर जावे लागत नाही. पहिला मुद्दा वयाचा. संमतीचे वय त्या काळी सोळा वर्षे होते. मुलगी सोळा वर्षांखालील असेल, तर संमतीची सारी चर्चाच निरर्थक ठरते. वैद्यकीय अंदाज चौदा ते सोळा असताना, वय सोळाखाली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालयाने म्हटले होते. त्या निष्कर्षाची पुन्हा कसून परीक्षा करता आली असती.

दुसरा मुद्दा स्थळाचा. ‘नंदिनी सत्पथी विरुद्ध पी. एल. दाणी’ या एप्रिल १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रीला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावण्याच्या पद्धतीवर कडक टीका केली होती. तो निकाल न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिला होता आणि त्या न्यायपीठावर न्या. जसवंत सिंग हेही होते. एका माजी मुख्यमंत्र्याच्या बाबतीत जी दक्षता एप्रिलमध्ये आवश्यक वाटली, तिचा उल्लेखही सप्टेंबरमध्ये, एका मजूर मुलीच्या बाबतीत, होऊ नये, हे या निकालपत्रातील लक्षणीय मौन होय. रात्रीची वेळ, ठाण्याचे आवार आणि गणवेशाचा अधिकार या परिस्थितीत आरडाओरडा न करण्याचा अर्थ काय लावावयाचा, हा पुराव्याच्या मूल्यमापनाचाच प्रश्न होता.

तिसरा मुद्दा भीतीच्या स्वरूपाचा. भीती ही नेहमी उच्चारलेल्या धमकीतून येते असे नाही. जंगलपट्टीतील खेड्यातल्या माणसाच्या लेखी शासन म्हणजे जंगलखात्याचा नाकेदार आणि पोलीस ठाण्याचा शिपाई, ही त्या प्रदेशातील जुनी वस्तुस्थिती आहे. नागपूर खंडपीठाने आरोपींच्या अधिकाराचा विचार केला, तो या वस्तुस्थितीला धरून होता.

५

भिन्नमत असणे आणि नसणे यांतील अंतर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रकरणाशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांच्या अर्जांवर ज्या उच्च न्यायालयांनी सरकारची प्राथमिक हरकत फेटाळली होती, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. त्या सर्व निर्णयांवरील अपिलांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी ‘ए. डी. एम. जबलपूर’ या प्रकरणात दिला. पाच न्यायाधीशांपैकी मुख्य न्यायाधीश ए. एन. राय, न्या. एम. एच. बेग, न्या. य. वि. चंद्रचूड आणि न्या. पी. एन. भगवती या चौघांनी उच्च न्यायालयांचे निर्णय फिरविले. न्या. एच. आर. खन्ना यांनी मात्र भिन्नमत दिले. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा अधिकार केवळ संविधानातील एका अनुच्छेदाच्या कृपेवर अवलंबून नाही, असा त्याचा आशय होता.

म्हणजे १९७६ या एकाच वर्षाशी निगडित असलेले नागपूरचे दोन निर्णय दिल्लीत उलटले. एकाच्या बाजूने तेथे एक मत नोंदले गेले, दुसऱ्याच्या बाजूने एकही नाही. न्या. खन्ना यांच्या मताने एकाही स्थानबद्धाची त्या दिवशी सुटका झाली नाही, आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना मुख्य न्यायाधीश नेमण्यात आल्याने लेखकालाही त्याची किंमत मोजावी लागली. तथापि तो विचार न्यायालयाच्या स्वतःच्या दप्तरात राहिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एकविसाव्या अनुच्छेदाची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी ‘पुट्टस्वामी’ प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या न्यायपीठाने ए. डी. एम. जबलपूरचा बहुमताचा निकाल रद्दबातल ठरविला. त्यातील प्रमुख निकालपत्र न्या. य. वि. चंद्रचूड यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले होते. ज्या न्यायालयाने चूक केली, त्याला ती आपल्याच एका न्यायाधीशाच्या शब्दांवरून सुधारता आली.

६

देसाईगंजच्या खटल्यात असे शब्द न्यायपीठावरून आले नाहीत. ते बाहेरून आले. निकालाला एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. या पत्राची गणना सामान्यतः स्त्रीचळवळीच्या कागदपत्रांत केली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहिले तर ते एक भिन्नमत आहे. न्यायालयापुढे होती तीच वस्तुस्थिती ते घेते, तेच कलम वाचते, संमती आणि शरणागती यांतील भेद पुन्हा प्रस्थापित करते, सत्पथी निकालाची आठवण देते आणि मुलीच्या वयाचा व दारिद्र्याचा विचार झाला पाहिजे असे प्रतिपादन करते. चांगल्या भिन्नमताचा जो नियम, की बहुमताच्याच पुराव्यावर उभे राहून बहुमताला उत्तर द्यावे, तो या पत्राने पाळला आहे.

त्याच्या मर्यादाही भिन्नमताच्याच आहेत, आणि एक अधिक आहे. भिन्नमताप्रमाणे ते आज्ञा बदलू शकले नाही. शिवाय ते निकालानंतर आले. म्हणून निकालपत्र लिहिले जात असताना त्याच्या लेखकाला सावध करण्याचे कार्य त्याच्याकडून होणे शक्यच नव्हते. न्यायाधीशाच्या भिन्नमताला कायद्याच्या अहवालांत बहुमताशेजारी जागा मिळते; अध्यापकांच्या पत्राला आपला वाचक चळवळीतून मिळवावा लागला. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया या निकालाविरुद्ध संघटित झाल्या, आणि त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या चौऱ्यांशीव्या अहवालात कायदा बदलण्याची शिफारस केली.

बदल झाला तो संसदेकडून. १९८३ च्या दुरुस्तीने पुरावा अधिनियमात ११४-अ हे कलम घातले. पोलिसाने ठाण्याच्या हद्दीत केलेल्या बलात्कारासारख्या प्रकरणांत संभोग सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी ती तरतूद होती. पीडितेचे नाव प्रकट करण्यास बंदी करणारे कलमही त्याच दुरुस्तीतले. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच केली : संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि ऐच्छिक होकार, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, केवळ एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात हे स्पष्टीकरण कायम आहे, आणि ११४-अ ची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२० व्या कलमात आली आहे. २०१३ च्या स्पष्टीकरणाशेजारी १९७६ ची नागपूरची मीमांसा ठेवून पाहिली, तर दोहोंतील साम्य नजरेस आल्यावाचून राहत नाही. खालच्या न्यायालयाचा उलटविलेला विचार सदतीस वर्षांनी कायद्याचा शब्द झाला. परंतु मधल्या काळात त्याला सर्वोच्च न्यायालयातील भिन्नमताचे संरक्षण नव्हते. शिवाय फौजदारी कायद्यातील असा बदल मागील काळास लागू होत नाही. म्हणून देसाईगंजच्या फिर्यादी मुलीला त्यातून काहीही मिळाले नाही.

७

एकमत या शब्दाला स्वतःचे असे एक वजन आहे आणि ते वाचकाची दिशाभूल करू शकते. याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा आपले निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करते. एखाद्याची हरकत असेल, तर तिचे निराकरण होईपर्यंत निर्णय थांबतो. तेथील एकमत म्हणजे ऐकून घेतलेल्या हरकतींचे फलित होय. न्यायपीठाचे एकमत याहून भिन्न जातीचे असते. न्यायाधीशांच्या अंतर्गत चर्चेत हरकत निघाली की नाही, हे बाहेर कळत नाही. निकालपत्रात केवळ तिची अनुपस्थिती दिसते. ही अनुपस्थिती म्हणजे हरकत नव्हती याचा पुरावा नव्हे, आणि हरकतीस जागा नव्हती याचा तर मुळीच नव्हे. तुकाराम प्रकरणात हरकत अस्तित्वात होती. ती दोन वर्षांपूर्वीच, रीतसर निकालपत्राच्या रूपाने, नागपूरला लिहिली गेली होती.

यावरून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. एकमताचा निकाल वाचताना ज्या निर्णयावरील अपिलातून तो निर्माण झाला, तो निर्णय भिन्नमत म्हणून त्याच्याशेजारी ठेवून वाचला पाहिजे, आणि त्यातील कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळाले व कोणता मुद्दा नुसताच ओलांडला गेला, याची नोंद केली पाहिजे. हे काम वाटते तितके सोपे नाही. नागपूर खंडपीठाची मीमांसा आज बहुतेक अभ्यासकांना माहीत आहे, ती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळण्यापूर्वी आपल्या निकालपत्रात तिचा जेवढा भाग उद्धृत केला, तेवढीच. उलटविलेले निकाल मुळातून मिळवून वाचण्याची सवय विधी महाविद्यालयांत रुजली, तर १९७९ साली चार अध्यापकांना जे निकालानंतर वर्षभराने करावे लागले, ते अभ्यासाचा नित्याचा भाग होऊ शकेल.